आढं

चक्रीवादळ येणार हे गावाला तीन दिवस आधी कळलं होतं. त्यामुळे आम्हाला काही कल्पनाच नव्हती, असं पुढे म्हणायची सोय कुणालाच उरली नाही. भोंगा बांधलेली जीप सकाळ-संध्याकाळ फिरत होती. छपरं बांधा, फांद्या छाटा, पाणी भरून ठेवा, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळा, गुरं मोकळी सोडा आणि महिनाअखेरीला दुपारी चारच्या आत शाळेत या. जीपमधला माणूस हे इतक्या पेंगुळलेल्या आवाजात सांगायचा, की वादळ येतंय की पाण्याचा टँकर, हे कान देऊन ऐकल्याशिवाय समजत नव्हतं.

थोरलीने कान देऊन ऐकलं होतं. ती सुताराची बायको, घरातली मोठी सून. तिची एकुलती मुलगी लग्न होऊन गेली होती, त्यामुळे जपायला घर तेवढं राहिलं होतं आणि ते ती जिवापाड जपत होती. तीन दिवसांत तिने हंडे, कळश्या, बादल्या, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा पाण्याने भरला. तांदूळ माळ्यावरून उतरवून पेटीत घातले. काड्यापेटी काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं. घराचे कागद एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसरीत, असं करून शेवटी तिलाच कळेना की मूळ कागद नक्की कुठल्या पिशवीत आहेत. पुढच्या अंगणातल्या झाडाची घरावर आलेली फांदी तिने स्वतः कोयत्याने तोडली. राहिलं होतं फक्त छप्पर, आणि बाकी सगळं होऊन छप्पर राहणं म्हणजे काहीच न होणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

छपराची गोष्ट अशी होती, की घर एक होतं आणि दोनही होतं. सासऱ्याने बांधलं तेव्हा सोळा हात लांबीचं ते एकच घर. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध लाकडाचं आढं, आणि त्याच्यावरून पुढे एक, मागे एक अशी पत्र्याची दोन उतरती पाखी. सासरा गेला आणि दोन भावांच्या वाटण्या झाल्या. पुढचं पाखं थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. मधे आढ्याखाली विटांची भिंत उभी राहिली. गवंडी ती वर नेत नेत आढ्याला टेकवणार, तेवढ्यात दोघे भाऊ एकदम ओरडले. भिंत टेकली की आढं तिच्यावर बसणार, मग भिंत कुणाच्या अंगाला किती सरकली आहे त्यावरून आढं कुणाचं ते ठरणार. गवंड्याने कपाळाला हात लावला आणि भिंत वीतभर खालीच सोडून दिली. त्या फटीतून इकडची फोडणी तिकडे जायची, तिकडचा खोकला इकडे यायचा. दोन वर्षं एवढीच ये-जा चालू होती.

वाटणीत माणसांची अक्कल गहाण पडते म्हणतात, पण सासऱ्याचे छपराचे दोर कापलेले थोरलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मनगटाएवढे जाड असे चार दोर होते. दर पावसाळ्याआधी म्हातारा ते घरावरून आडवे टाकायचा. दोराचं एक टोक पुढच्या अंगणातल्या खुंटाला, दुसरं मागच्या अंगणातल्या खुंटाला. चार दोर, आठ खुंट. वाटणीच्या दिवशी दोन-दोन दोर वाटून घेण्याऐवजी भावांनी प्रत्येक दोर मधोमध कापला, कारण एक दोर जास्त झिजलेला होता आणि तो कुणाच्या वाट्याला जावा यावर एकमत होईना. आता दोघांकडे चार-चार तुकडे होते. अर्धा दोर आढ्यापर्यंत पोचतो आणि तिथे लोंबत राहतो. त्याचा उपयोग गाय बांधायला. जुने खुंट तर तेव्हाच उपटले गेले होते.

सुतार गेले तीन दिवस पहाटे हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडत होता. गावातल्या छपरांचे खिळे ठोकायचे, तारा आवळायच्या, दारांना अडसर घालायचे. कुणालाही नाही म्हणत नव्हता. हातांना फोड आले होते. अकरा घरं त्याने बांधली आणि प्रत्येक घरी तो एकच सांगायचा, एक बाजू बांधून उपयोग नाही, वारा दुसरीकडून आत शिरतो आणि सगळंच उचलतो.

"मग आपलं?" आदल्या दिवशी जेवताना थोरलीने विचारलं.

"आपलं बघू."

"कधी बघू? परवा?"

"मागच्या अंगणात खुंट ठोकल्याशिवाय होत नाही. तो ठोकू देईल का?"

"विचारलंत का?"

सुताराने ताटात पाणी ओतून हात धुतले. "मी विचारू?" तो म्हणाला, आणि उठला.

धाकटा ठोकू देणार नाही, यालाही कारण होतं आणि ते कारण सुतारानेच दिलं होतं, हे थोरलीला कबूल करावं लागायचं. मागच्या अंगणात विहिरीकडे जाणारी दोन हात रुंदीची एक पट्टी होती. तिच्यावरून कोर्टात दावा चालू होता. गेल्या वर्षी सुताराने कोर्टात कपडे वाळत घालायच्या जुन्या खांबाचा फोटो दाखवला होता. हा खांब मी रोवलेला, म्हणून पट्टी माझ्या वहिवाटीची. खांब खरंच त्यानेच रोवला होता, पण रोवला होता आईच्या साड्या वाळत घालायला. तेव्हापासून धाकट्याला अंगणात कावळा बसला तरी तो भावाने पाठवला आहे असं वाटायचं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आभाळ मळकं, पिवळट झालं होतं आणि वारा थांबून थांबून येत होता. सुतार उजाडताच गेला. पलीकडे धाकट्याने ट्रॅक्टर सुरू केल्याचा आवाज आला. तो गावाचा ट्रॅक्टर चालवायचा. आज त्याला वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना शाळेत आणायचं काम दिलं होतं. दोघे भाऊ सगळ्या गावाला वाचवायला निघाले होते. थोरली चुलीपुढे बसून राहिली. तिला रडू येत होतं, पण रडायलाही वेळ नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरच्या फटीतून सासूचा आवाज आला. सासू खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. एक महिना पुढच्या घरात, एक महिना मागच्या, अशी तिची पाळी लावलेली होती. हा महिना मागचा होता.

"थोरले. अगं थोरले."

"ऐकतेय आई."

"छपरावर दोर पडले का?"

"नाही पडले."

पलीकडे खाट करकरली. मग म्हातारी म्हणाली, "पुरुषांना वेळ नाही. तुम्हा दोघींना हात नाहीत का?"

थोरली काही बोलायच्या आत पलीकडून दुसरा आवाज आला. दोन वर्षांत तो तिने फक्त फटीतून, आणि तोही दुसऱ्या कुणाशी बोलताना ऐकला होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "माझ्याकडे चार तुकडे आहेत."

थोरलीने पदर खोचला. चार तुकडे खांद्यावर टाकले, नवऱ्याचा मोठा हातोडा घेतला आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. दोघी जावा एकमेकींकडे न बघता आधी दोरांकडे बघत बसल्या. मग धाकटीने हात पुढे केला आणि थोरलीने हातोडा तिच्या हातात दिला. तेवढंच.

आधी त्यांनी सासूची खाट दारात आणली. म्हातारीच्या अंगात उठून बसायची ताकद नव्हती, पण हुकूम सोडायला काही कमी नव्हती. खुंटासाठी थोरलीने नवऱ्याने चौकटीसाठी तासून ठेवलेलं लाकूड काढलं. आठ तुकडे कापले, प्रत्येकाचं एक टोक कुऱ्हाडीने अणकुचीदार केलं. नवरा बघेल तेव्हा बघेल.

"सरळ नको ठोकू," म्हातारी दारातून म्हणाली. "डोकं घरापासून लांब झुकू दे. दोर ओढला की खुंट अजून रुतला पाहिजे. सरळ ठोकलास तर दात पडल्यासारखा उपटून येईल."

"किती खोल?"

"हातभर. कोपरापर्यंत नव्हे, खांद्यापर्यंतचा हात."

मागच्या अंगणातली माती वरून मऊ आणि खाली मुरमाड होती. धाकटी खुंट धरायची, थोरली हातोडा घालायची. मग उलट. पहिल्या खुंटाला अर्धा तास गेला. थोरलीच्या तळहाताची कातडी सोलली गेली. तिने पदराचा तुकडा फाडून हाताला गुंडाळला. धाकटीच्या दंडापर्यंत माती उडाली होती आणि ती दात-ओठ खाऊन ठोकत होती. तिचा सगळा राग त्या खुंटावर निघत होता. कुणावरचा राग, ते थोरलीने विचारलं नाही. आठ खुंट ठोकून झाले तेव्हा दोघींना हात वर करता येईना.

मग दोर जोडायचे. म्हातारीने खाटेवरच दोन तुकडे मागितले, आणि थरथरत्या हातांनी गाठ मारून दाखवली. एका दोराचा फास, त्यातून दुसरा दोर, मागे वळवून पुन्हा त्याच वाटेने परत. "ही ओढल्याने घट्ट होते," ती म्हणाली. "तुमच्या सासऱ्यांनी शिकवली. त्यांना तरी कधी लागली नाही, त्यांचे दोर एकसंध होते."

दोर घरावरून टाकायची रीतही म्हाताऱ्याचीच होती. सुतळीला दगड बांधून तो पलीकडे फेकायचा आणि सुतळीला दोर बांधून ओढायचा. थोरली पुढच्या अंगणात गेली आणि दगड फेकला. तो पत्र्यावरून गडगडत परत तिच्याच पायापाशी आला. दुसरा आढ्यावरून गेला आणि पलीकडे धपकन आवाज आला, मग धाकटीचं ओरडणं.

"काय झालं गं?"

"हंडा गेला ताई. पाण्याने भरलेला होता."

"तुला लागलं का?"

"मला नाही. हंडाच गेला."

थोरलीला हसू फुटलं. पलीकडे धाकटीही हसत होती आणि मधे खाटेवर म्हातारी, "अगं हसताय काय भवान्यांनो, वारा बघा," म्हणत होती. पण तिच्याही आवाजात हसू होतं. थोरलीला वाटलं, दोन वर्षं आपण काय केलं? एकमेकींचा खोकला ऐकत बसलो.

दोनच्या सुमाराला चारही दोर घरावर आवळून बसले होते. गाठी बरोबर आढ्यावर आल्या होत्या. थोरलीने एक दोर बोटाने ओढून पाहिला. तो इतका ताणलेला होता की हलला नाही. धाकटीने चहा केला. दोघी विहिरीकडच्या पट्टीवर बसून प्यायल्या, जिच्यावरून कोर्टात दावा चालू होता त्याच पट्टीवर, कारण तिथे तेवढा वारा कमी लागत होता.

"हे ओरडतील," धाकटी म्हणाली.

"माझेही ओरडतील."

"मी सांगेन मी ठोकलेत म्हणून."

"ओरडू देत," थोरली म्हणाली. "छपराखाली बसून ओरडतील तरी."

तीनच्या सुमाराला धाकटा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत एक म्हातारा-म्हातारी आणि त्यांच्या तीन शेळ्या होत्या. आईला न्यायला तो आला होता. अंगणात पाऊल टाकताच त्याला चार खुंट दिसले. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग खिशातून मोबाईल काढून त्याने चारही खुंटांचे फोटो घेतले. छपराकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी ठोकले?"

"मी," धाकटी म्हणाली.

"तू?"

"मी आणि ताईंनी. आईंनी सांगितलं."

त्याने थोरलीकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. सकाळपासून तीस-चाळीस माणसं त्याने हाताला धरून ट्रॉलीत चढवली होती. "वहिनी," तो म्हणाला, "तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राहू देत खुंट. पण दादाने एकदा सांगावं, की खुंट माझ्या अंगणात माझ्या परवानगीने आहेत. कागद नको. नुसतं तोंडाने सांगावं, या दोघांच्या देखत." त्याने ट्रॉलीतल्या म्हातारा-म्हातारीकडे हात केला. "नाहीतर उद्या कोर्टात खांबाच्या शेजारी खुंट उभे राहतील."

एवढंच मागणं होतं. थोरलीच्या मनाने उचल खाल्ली. एक वाक्य, ते म्हणायला कितीसा वेळ लागतो.

सुतार चालत आला तो पार थकून. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले, एका अंगठ्याचं नख काळंनिळं. त्याने लांबूनच छपरावरचे दोर पाहिले आणि थोरलीला शपथेवर सांगता आलं असतं, क्षणभर त्याचा चेहरा उजळला. त्याने दोराला हात लावून पाहिला, खुंटाचा कल बघितला आणि मान डोलावली. मग धाकट्याने आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं.

"परवानगी?" सुतार म्हणाला.

"हो."

"बापाच्या जागेत खुंट ठोकायला तुझी परवानगी?"

"बापाची होती. आता माझ्या नावावर आहे."

"अहो, म्हणा ना एकदा," थोरली म्हणाली. "म्हटल्याने काय झिजतं? वारा बघा कसा सुटलाय."

"दादा, मी अडून बसलेलो नाही. एवढं एकच वाक्य."

ट्रॉलीतला म्हातारा बघत होता, म्हातारी बघत होती. तीन शेळ्यासुद्धा माना वर करून बघत होत्या. कदाचित कुणीच बघत नसतं तर सुताराने ते वाक्य म्हटलंही असतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"त्याच्या परवानगीचं छप्पर मला नको," तो म्हणाला. "माझे दोर मी काढून घेतो. शिडी आण."

"अहो."

"शिडी आण म्हणतोय ना."

धाकट्यानेही त्या क्षणी नको म्हणायला हवं होतं. त्याने तोंड फिरवून ट्रॅक्टरचं चाक तपासायला घेतलं.

मागच्या खुंटावरून दोर सोडून पुढून ओढला असता तर सगळा दोर खाली आला असता, पण त्याबरोबर धाकट्याचे तुकडेही आले असते, आणि सुताराला दुसऱ्याची चीज नको होती. म्हणून गाठी वरच सोडायच्या होत्या, आढ्यावर. वारा आता थांबत नव्हता. शिडीचे पाय मऊ मातीत सरकत होते.

"धर," तो म्हणाला.

थोरलीने शिडी धरली. त्यानंतर आयुष्यभर ती स्वतःला हेच विचारणार होती, की का धरली? सोडली असती तर तो चढलाच नसता. पण तो वर चढत होता आणि शिडी सरकत होती आणि तो तिचा नवरा होता. सोलवटलेले तळहात तिने शिडीच्या बांबूवर घट्ट दाबले. वर सुताराने अणकुचीदार टोचणी पहिल्या गाठीत खुपसली. म्हातारीने मारून दाखवलेली गाठ सहजासहजी सुटत नव्हती, त्याला दातही लावावे लागले. मग पत्र्यावरून दोर घसरल्याचा सरसर आवाज झाला. एक इकडे, एक तिकडे.

"कोण दोर सोडतंय?" घरातून सासूने विचारलं. धाकटीने तिला आत नेऊन गादीवर निजवलं होतं. "अगं, दोर सोडतंय का कुणी?"

दुसरा दोर सुटला, तिसरा, चौथा. सुतार खाली आला. त्याने आपले चार तुकडे व्यवस्थित गुंडाळून पेटीत ठेवले. मग दोघा भावांनी आईला गादीसकट उचलून ट्रॉलीत ठेवलं. उचलताना दोघांचे हात एकमेकांना लागले नाहीत, याची दोघांनी काळजी घेतली.

शाळेत वर्गावर्गात माणसं बसवली होती. बाई दारात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घराचा नंबर विचारून पाच माणसं एकाखाली एक लिहिली आणि म्हणाल्या, "खिडकीखालचा कोपरा तुमचा. सगळे एकत्र बसा."

"आमची घरं दोन आहेत," सुतार म्हणाला.

"नंबर तर एकच आहे."

"दोन आहेत," धाकटाही म्हणाला. त्या दिवशी दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

बाईंनी वैतागून फळ्याजवळचा खडू घेतला आणि कोपऱ्यात फरशीवर रेघ ओढली. आसपासची माणसं तोंडाला पदर लावून हसली. थोरलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासूची गादी रेघेच्या धाकट्या बाजूला टाकली. पुढचे तास भिंतीला पाठ लावून वारा ऐकण्यात गेले.

सकाळी वारा उतरला होता. पाऊस नुसता भुरभुरत होता. सासू जागी होऊन पडल्यापडल्या शाळेचं छत न्याहाळत होती. धाकटा आधी उठला, त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आईच्या गादीची दोन टोकं धरली आणि ती ओढून रेघेच्या पलीकडे, थोरलीच्या बाजूला सरकवली. एक तारीख होती. हातभर सरकलेल्या गादीवर म्हातारी तशीच वर बघत पडून राहिली. धाकटीने भिंतीकडे तोंड केलं.

"मी आईजवळ थांबते," ती म्हणाली. "तुम्ही जा."

घर लांबूनच दिसलं, म्हणजे दिसलं नाही. चारी बाजूंच्या भिंती कमरेएवढ्या राहिल्या होत्या. पण मधली विटांची भिंत जशीच्या तशी उभी होती, एक वीट हललेली नव्हती. तिच्यावरून आता सगळं आभाळ इकडून तिकडे जात होतं. खुंटही जागच्या जागी होते, पुढे चार आणि मागे चार, हातभर खोल. एकही उपटला नव्हता. थोरलीने एकावर पाय ठेवून जोर दिला. तो जरासुद्धा हलला नाही, आणि तेव्हा तिला हुंदका आला.

छप्पर विहिरीपलीकडच्या रानात पडलं होतं. बरेच पत्रे कुठल्या कुठे गेले होते, पण आढं मात्र शाबूत होतं. सोळा हात, एकसंध. त्याच्या दोन्ही अंगाला वासे तसेच जोडलेले होते. वादळाने अख्खं घरच उचलून नेलं होतं, पुढचं-मागचं वेगळं केलं नव्हतं. दोघे भाऊ दोन टोकांना उभे राहिले. सुताराने वाकून लाकडावरचा चिखल हाताने पुसला. थोरलीला वाटलं, आता हा बोलेल. आता एकाने जरी चल उचलू म्हटलं तरी पुष्कळ.

"आढं माझं," सुतार म्हणाला. "मी बापाबरोबर चढवलंय ते."

"खर्च वाटणीत दोघांत धरलाय."

"भिंत माझ्या अंगाला जास्त आहे."

"टेकली नव्हती भिंत."

अर्धा तास असं चाललं. पाऊस भुरभुरत होता. शेवटी धाकटा म्हणाला, "मग निम्मं-निम्मं."

थोरली सुताराची बायको होती. निम्म्या आढ्यावर घर बसत नाही, हे तिला कळत होतं, तर त्याला कळत नव्हतं का? सोळा हात लांबीचं लाकूड कापलं की आठ-आठ हातांचे दोन तुकडे, ज्यांच्यावर ना पुढचं पाखं राहणार ना मागचं. जळणाला तेवढे उपयोगी. अकरा घरी तो सांगत फिरला होता. त्याने पिशवीतून करवत काढली, फूटपट्टीने मोजून मधोमध पेन्सिलीची खूण केली. तेवढी खूण मात्र सुबक आली.

"यावर बस," तो तिला म्हणाला. "हलतंय."

थोरली होती तिथेच उभी राहिली. कालपासून तिचे हात ठणकत होते. "मी नाही बसणार," ती म्हणाली. "काल शिडी धरली तेवढं पुरे झालं."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग धाकटा पुढे आला आणि आढ्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसला, त्याला आपल्या वजनाने दाबून धरलं. सुतार करवत चालवू लागला. आईला उचलण्याखेरीज दोन वर्षांत दोघा भावांनी मिळून केलेलं हे पहिलं काम होतं, आणि नीट चाललं होतं. करवत अडकली की धाकटा थोडा सरकायचा, सुतार मान हलवायचा, पुन्हा सुरू. जुन्या लाकडाचा कोरडा भुसा ओल्या मातीवर पडत राहिला.

थोरली वळली आणि शाळेकडे चालू लागली. मागे बराच लांबपर्यंत करवतीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

वर्गात धाकटी सासूला चमच्याने पाणी पाजत होती. खडूची रेघ पायांनी पुसट झाली होती. थोरली गादीपाशी बसली. तिच्या पायांना चिखल होता, केसांतून पाणी गळत होतं. म्हातारीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि छपराचं विचारलंच नाही. तेवढं तिला दिसत होतं.

"आढं?" ती म्हणाली. "आढं तरी राहिलं का गं?"

"राहिलं आई."

"एवढ्या वाऱ्यात?"

"वाऱ्याने काही केलं नाही," थोरली म्हणाली. "दोन झालीत आता."

म्हातारीने चमचा बाजूला सारला. मग तिने कोपरावर जोर देऊन, कुणाची मदत न घेता, दुसऱ्या हाताने फरशी रेटत आपली गादी इंच-इंच सरकवत रेघेवर आणली, निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि डोळे मिटून आडवी झाली.